अडखळण

टॉम मॅकार्थी दिग्दर्शित ‘स्पॉटलाइट’ (२०१५) या चित्रपटात नाट्यमय म्हणावे असे काहीही न घडणारा एक प्रसंग आहे. ‘बॉस्टन ग्लोब’चे पत्रकार बॉस्टनच्या कॅथलिक महाधर्मप्रांताच्या जुन्या वार्षिक सूच्या घेऊन बसतात. कोणता फादर कोणत्या पॅरिशमध्ये आहे एवढेच सांगणारी ही पुस्तके, टेलिफोन डिरेक्टरीइतकीच नीरस. एकेका ओळीखाली पट्टी सरकवत नावे उतरवली जातात. काही नावांपुढे चर्चचे नाव नसते. तिथे ‘आजारपणाची रजा’, ‘नेमणुकीच्या प्रतीक्षेत’, ‘नेमणूक नाही’ असे शेरे असतात. एखादा फादर एखाद्या वर्षी आजारी पडला तर त्यात विशेष काही नाही. पण ज्याचे चर्च दर दोन-तीन वर्षांनी बदलते आणि दोन चर्चच्या मधल्या काळात जो नेमाने आजारी पडतो, अशांची वेगळी यादी केली तर? चित्रपटात ती यादी ८७ नावांवर जाऊन थांबते.

शोधपत्रकारितेचा विजय म्हणून या चित्रपटाचे कौतुक झाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. ते योग्यच होते. मला मात्र हा प्रसंग पुन्हा पाहताना दरवेळी वाटते की ही मंडळी जे करत आहेत ते मुळात वाचन आहे. त्या सूच्या छापील होत्या, ग्रंथालयात होत्या, वर्षानुवर्षे कुणीही चाळू शकत होते. त्यातला मजकूर बदलला नाही. वाचणाऱ्याने शेऱ्यावर विश्वास ठेवायचे थांबवले. धर्मगुरूंकडून झालेले अत्याचार आणि चर्चची जबाबदारी या विषयावरचे साहित्य, चित्रपट आणि चौकशी अहवाल शेजारी ठेवून वाचले तर या प्रकरणात सर्वांत जास्त राबलेली गोष्ट म्हणजे भाषा आहे, असे माझ्या लक्षात आले. त्या भाषेविषयीच इथे लिहायचे आहे.

‘बदली’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायला नको. तक्रारी फार झाल्या की साहेबाची बदली होते. जुन्या गावाला वाटते, ब्याद गेली. नवे गाव हारतुरे घेऊन फाट्यावर उभे असते. एका गावाने दुसऱ्याला काही कळवायचे नाही, हा या व्यवहारातला न लिहिलेला नियम. बॉस्टनमध्ये नेमके हेच झाले. ६ जानेवारी २००२ रोजी ‘ग्लोब’ने छापलेली पहिली बातमी जॉन गेगन या एकाच फादरविषयी होती. तीस वर्षे, अर्धा डझन पॅरिश, आणि तक्रार घेऊन पुढे आलेले १३० हून अधिक लोक. १९८४ साली कार्डिनल बर्नार्ड लॉ यांनी त्याला नव्या पॅरिशमध्ये पाठवले तेव्हा एका सहायक बिशपने लेखी हरकत घेतली होती. हरकत दप्तरी राहिली, बदली झाली. डिसेंबर २००२ मध्ये लॉ यांना पद सोडावे लागले आणि २००४ मध्ये रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या महामंदिराचे प्रमुखपद त्यांना मिळाले. त्यांचीही बदलीच झाली म्हणायची.

चित्रपटाची मर्यादा सांगायची तर त्यातले बळी बहुतेकदा पत्रकारांना माहिती पुरवण्यासाठी येतात आणि माहिती देऊन झाली की निघून जातात. पण दोन जागी तो फार प्रामाणिक आहे. एक, वीस फादरांची नावे ‘ग्लोब’च्या हाती १९९३ मध्येच आली होती आणि ती बातमी आतल्या पानावर विरून गेली, हे तो आपल्या नायकांना सोयीचे नसतानाही दाखवतो. दुसरी जागा दारातल्या संवादाची. एक पत्रकार निवृत्त फादरच्या दारावर टकटक करते. तो सौम्य, वयस्क, बोलायला तयार. मुलांशी आपण थोडा चाळा केला, असे तो कबूल करतो, पण बलात्कार नाही, असे बजावतो. त्यातला फरक आपल्याला कळतो, कारण आपल्यावरच तो झाला होता. तेवढ्यात त्याची बहीण येते आणि दार लावून घेते. पाठ केलेल्या शब्दांनी एक माणूस स्वतःलाही कसा फसवू शकतो हे अर्ध्या मिनिटात दिसते. यापुढे चित्रपटातली न्यायालयीन लढाई मला फिकी वाटते.

या शब्दांचा कोशच पुढे पेनसिल्व्हेनियात तयार झाला. तिथल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या चौकशी मंडळाने, ऑगस्ट २०१८ मध्ये सहा धर्मप्रांतांच्या सत्तर वर्षांच्या कागदपत्रांवर अहवाल दिला. आरोप असलेले धर्मगुरू ३०१, कागदांतून ओळखता आलेली मुले हजाराहून अधिक. अहवालाच्या सुरुवातीला या कागदपत्रांत पुन्हा पुन्हा आढळलेल्या युक्त्यांची नोंद आहे आणि ती वाचताना एखाद्या कचेरीतले लेखनाचे नियम वाचत असल्यासारखे वाटते. बलात्काराला बलात्कार म्हणू नये. ‘अनुचित संपर्क’ किंवा ‘मर्यादेचा प्रश्न’ म्हणावे. चौकशी सोबतच्या धर्मगुरूकडूनच करवून घ्यावी. फादर का गेले हे पॅरिशला सांगू नये. आजारपणाची रजा आहे किंवा मानसिक थकवा आला आहे, असे सांगावे. फारच बोभाटा झाला तर जिथे कुणाला माहीत नाही अशा ठिकाणी पाठवावे. आणि पोलिसांना कळवू नये. बहुतेक प्रकरणांत खटला भरण्याची कायदेशीर मुदत उलटून गेली होती. इतकी वर्षे शब्दांनी जे काम केले ते हेच. त्यांनी मुदत संपेपर्यंत वेळ काढून दिला.

यातले बरेचसे कागद आले ते धर्मप्रांतांच्या गुप्त दप्तरांतून. हे दप्तर कुणा कारस्थानी बिशपाने उघडलेले नाही, चर्चच्या कायद्यातच त्याची तरतूद आहे: त्याची किल्ली फक्त बिशपाकडे असावी आणि नीतिमत्तेविषयीच्या गुन्ह्यांत आरोपी मरण पावला किंवा शिक्षेला दहा वर्षे झाली की ते कागद नष्ट करून थोडक्यात सारांश आणि निकाल तेवढा ठेवावा. म्हणजे एका हाताने लिहून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने जाळायचे. तरीही इतके कागद उरले याचे मला नवल वाटते. नोंद करण्याची सवय लपवण्याच्या सवयीपेक्षा चिवट असावी.

या पत्रव्यवहारांत एक शब्द सारखा डोकावतो: ‘स्कँडल’. बोभाटा होऊ नये म्हणून, स्कँडल टळावे म्हणून. आपण याचा अर्थ बदनामी असा घेतो आणि चर्चला अब्रूची काळजी होती असे म्हणून पुढे जातो. पण कॅथलिक नीतिशास्त्रात या शब्दाला याहून जुना अर्थ आहे. मूळ ग्रीक शब्द वाटेत ठेवलेल्या सापळ्याचा, पायाला ठेच लागेल अशा वस्तूचा. मराठी बायबल वाचणाऱ्याला त्यासाठी ‘अडखळण’ हा शब्द ओळखीचा आहे. आपल्या वागण्याने दुसऱ्याचा पाय श्रद्धेच्या वाटेवरून घसरावा, ती अडखळण. त्यामुळे बिशपांचा युक्तिवाद त्यांच्या स्वतःच्या मनात निव्वळ अब्रूचा नव्हता. फादरने केले ते वाईटच, पण ते कळले तर हजारो भाविक अडखळतील, म्हणून ते कळू न देणे हेच कर्तव्य. या युक्तिवादाला एक प्रकारचे गांभीर्य आहे आणि म्हणूनच तो इतका टिकला.

मात्र मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उघडला की वेगळेच चित्र दिसते. तिथे येशू एका लहान मुलाला शिष्यांच्या मधोमध उभे करतो आणि अशा लहानग्यांपैकी एकाला जो अडखळवील त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, अशा आशयाचे बोलतो. तिथे अडखळणारे मूल आहे. धर्मप्रांताच्या दप्तरात अडखळणारी आहे ती गावाची श्रद्धा. शब्द तोच ठेवला आणि मूल उचलून बाजूला केले. धर्मशास्त्राचे इतके शिक्षण घेतलेल्या माणसांना हे दिसले नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आयर्लंडमधल्या मर्फी आयोगाच्या अहवालात (नोव्हेंबर २००९) ही भाषा व्याकरणापर्यंत पोहोचते. डब्लिनचे आर्चबिशप, पुढे कार्डिनल झालेले डेस्मंड कॉनेल हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. एका पीडिताला द्यायच्या भरपाईसाठी महाधर्मप्रांताने आरोपी फादरला पैसे उसने दिले होते. पत्रकारांनी विचारल्यावर, धर्मप्रांताचा निधी भरपाईसाठी वापरला जात नाही, असे कॉनेल यांनी सांगितले. नंतर त्या पीडिताला त्यांनी खुलासा केला: ‘वापरला जात नाही’ असे मी वर्तमानकाळात म्हणालो, ‘वापरला गेला नाही’ असे म्हणालो नव्हतो. याला ‘मेंटल रिझर्व्हेशन’ म्हणतात. वाक्याचा अर्धा भाग उच्चारायचा, उरलेला मनात राखून ठेवायचा. ऐकणाऱ्याचा गैरसमज झाला तर तो त्याचा.

आपल्याला यासाठी लॅटिन परंपरेत जायची गरज नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ आपल्या जिभेवर आहे, फक्त मराठीत आपण तो वाक्प्रचार गुळमुळीतपणासाठी वापरून त्याची धार घालवली. युधिष्ठिराचे ते वाक्य गुळमुळीत नव्हते. पहिला अर्धा भाग ऐकून एका बापाने शस्त्र खाली ठेवावे, एवढ्यासाठीच ते रचलेले होते. आणि महाभारतकाराने सत्यवचनाची तांत्रिक सबब मान्य केली नाही: जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्या धर्मराजाचा रथ तिथल्या तिथे खाली टेकला. डब्लिनमध्ये रथ खाली टेकायला चौदा वर्षे आणि एक सरकारी आयोग लागला.

कथात्म साहित्याने या भाषेचे काय केले? जॉन पॅट्रिक शॅनली यांचे ‘डाउट’ हे नाटक बॉस्टननंतर दोन वर्षांनी, २००४ मध्ये आले, त्याला पुलित्झर मिळाले आणि २००८ मध्ये शॅनली यांनीच त्यावर चित्रपट केला. काळ १९६४, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली एक शाळा, मुख्याध्यापिका सिस्टर अलोशियस आणि एका मुलाशी जवळीक असलेला फादर फ्लिन. त्याने काही केले की नाही हे नाटक सांगत नाही. प्रेक्षक बाहेर पडताना यावरच वाद घालतात आणि समीक्षकांनी ही संदिग्धता डोक्यावर घेतली. मला तो वाद थोडा फसवा वाटतो. नाटकात एक गोष्ट निःसंदिग्ध आहे: फादर फ्लिनची बदली होते आणि ती बढती असते, दुसरे मोठे पॅरिश आणि तिथली शाळा. बिशपांनी मुलाला काही विचारले नाही. नाटककारानेही विचारलेले नाही. चार पात्रांच्या या नाटकात ते मूल रंगमंचावर येतच नाही. हा दोष आहे की नेमके निदान, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण त्या मुलाची आई येते. शाळेतल्या या एकुलत्या एका काळ्या मुलाची आई सिस्टरला सांगते की जूनपर्यंत, वर्ष संपेपर्यंत, त्याला इथे राहू द्या, बाकीचे मी बघून घेईन. सगळ्यांत गरीब माणसाला ही संस्था कोणत्या सौद्यापर्यंत आणते हे त्या एका प्रवेशात आहे आणि तिथे शंकेला जागा नाही.

क्लेअर कीगन यांची ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१) ही लघुकादंबरी फादरांविषयी नाही. १९८५ च्या नाताळात न्यू रॉस गावातला कोळशाचा व्यापारी बिल फर्लाँग कॉन्व्हेंटच्या कोळशाच्या खोलीत कोंडलेली एक मुलगी पाहतो. पण ज्या प्रश्नाशी आपण आहोत त्याची दुसरी बाजू, म्हणजे गाव गप्प का राहिले, ती कीगन फार कमी शब्दांत दाखवतात. मुलींची चांगली शाळा कॉन्व्हेंटच्या भिंतीला लागून आहे आणि फर्लाँगला पाच मुली आहेत. एवढे पुरते.

आता केरळ, कारण हे साहित्य भारतातही आहे आणि भारतीय भाषेत आहे. त्रिशूरच्या महाविद्यालयात प्राचार्य असलेल्या सिस्टर जेस्मी २००८ मध्ये आपल्या संघातून बाहेर पडल्या आणि २००९ मध्ये त्यांचे ‘आमेन’ आले. लूसी कळप्पुरा यांचे मल्याळम ‘कर्ताविन्टे नामत्तिल’, म्हणजे ‘प्रभूच्या नावाने’, २०१९ मध्ये आले. वाङ्मय म्हणून ही पुस्तके सरस नाहीत. त्यांत राग आहे, पुनरुक्ती आहे, जुने हिशेब चुकते करण्याची घाई आहे, आणि जेस्मींना तर प्रत्येक अपमान नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पण शेरे लिहिण्याचा अधिकार ज्यांना कधीच नव्हता त्यांनी लिहिलेले हे दप्तर आहे. त्यात आवश्यक-अनावश्यक यांची निवड मागणे मला जरा लवकरचे वाटते.

‘स्पॉटलाइट’मधल्या सूच्यांनंतर ही पुस्तके वाचली की एक विसंगती अंगावर येते. लूसी कळप्पुरा सप्टेंबर २०१८ मध्ये कोचीतल्या आंदोलनात सामील झाल्या. जालंधरचे बिशप फ्रँको मुळक्कल यांच्याविरुद्ध एका ननने बलात्काराची तक्रार केली होती आणि तिच्या सहकारी नन रस्त्यावर बसल्या होत्या. (मुळक्कल यांनी आरोप नाकारले, जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात अपील झाले.) ऑगस्ट २०१९ मध्ये लूसींना संघातून काढण्यात आले. त्यांच्यावरचे आक्षेप पाहा: परवानगीशिवाय वाहन चालवण्याचा परवाना काढला, गाडी घेतली, कवितासंग्रह छापला. इथे भाषेला धुके नाही. सगळे कसे स्वच्छ, मुद्देसूद. संस्थेला नेमके लिहिता येत नाही असे नाही. नेमकेपणा कुणासाठी राखून ठेवायचा हे तिला ठाऊक आहे. जेस्मी सांगतात त्याप्रमाणे त्यांना मनोरुग्ण ठरवण्याचेही प्रयत्न झाले. म्हणजे ‘आजारी’ हा शब्द फादरच्या नावापुढे आला तर छत्री आणि ननच्या नावापुढे आला तर कोठडी.

इथे मराठीत लिहिणाऱ्याची एक अडचण सांगायलाच हवी. आपल्या साहित्याला भेटलेले फादर म्हणजे ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे थॉमस स्टीफन्स, किंवा वसईच्या हिरवाईसाठी उभे राहिलेले फ्रान्सिस दिब्रिटो. आणि दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ते धर्मगुरू आहेत एवढ्याच कारणावरून काही संघटनांनी विरोध केला होता. अशा हवेत चर्चमधल्या अत्याचारांवर लिहिले की तो मजकूर कुणाच्या हाती काठी म्हणून जाईल याची धास्ती वाटते. अल्पसंख्य समाजाच्या घरातले भांडण चव्हाट्यावर का आणायचे, असे सज्जन मित्रही विचारतात. मी ही धास्ती खोटी मानत नाही. पण ती ऐकताना माझ्या कानाला काहीतरी ओळखीचे लागते. घडले ते वाईट, पण कळले तर अनर्थ होईल, म्हणून आत्ता नको: हा बॉस्टनच्या दप्तरातलाच युक्तिवाद आहे, फक्त आता तो सद्भावनेने केला जातो. शिवाय केरळमध्ये रस्त्यावर बसलेल्या नन, लिहिणाऱ्या जेस्मी आणि लूसी, सगळ्या श्रद्धावंत ख्रिस्ती आहेत. त्यांचे ऐकले तर त्यांच्या समाजाचा अपमान होतो असे म्हणणाऱ्याने समाजात त्यांना धरलेलेच नसते.

चर्चच्या कायद्याची भाषा या काळात बदलली, हेही नोंदवायला हवे. डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरची ‘पोपच्या गुप्ततेची’ मोहर काढली गेली. १९८३ च्या संहितेत बालकावरचा अत्याचार धर्मगुरूच्या व्रतभंगाच्या गुन्ह्यांत मोडत होता. जणू काही मूल हे फादरने मोडलेल्या व्रताचे निमित्त. डिसेंबर २०२१ पासून तो मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या शीर्षकाखाली आला. मथळा बदलला, कलमाचे शब्द मात्र अजून सहाव्या आज्ञेच्या, म्हणजे व्यभिचाराच्या, भंगाविषयीच बोलतात. मूल अर्धे मथळ्यात आले आहे.

‘स्पॉटलाइट’च्या शेवटी रविवारी सकाळी बातमी छापून येते आणि तळमजल्यावरच्या छोट्या कचेरीत फोन वाजू लागतात. मायकेल कीटन एक रिसीव्हर उचलतो आणि पडदा काळा होतो. पलीकडून कोण काय बोलले ते चित्रपटात नाही. फ्रान्समध्ये तिथल्याच बिशपांनी आणि धर्मसंघांनी नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०१९ मध्ये फोन, ईमेल आणि पत्रांसाठी दार उघडले तेव्हा सतरा महिन्यांत सहा हजारांहून अधिक लोकांनी संपर्क साधला. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या त्या अहवालाला त्यांच्याच शब्दांची एक स्वतंत्र पुरवणी जोडलेली आहे. तिच्या शीर्षकाचा अर्थ ‘बळींपासून साक्षीदारांपर्यंत’ असा होतो. त्या पुरवणीत वय लिहिलेले आहे, जागा लिहिलेली आहे, दार कोणत्या बाजूला होते ते लिहिलेले आहे.